स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दुखतंय हे ओळखायचं कसं?

निळाई (सोमवार, रात्री ११:४०)
आईला अल्झायमरचं निदान होऊन ६ वर्षं झाली, वय ७९. बोलणं जवळजवळ संपलंय, "अगं", "नको", "चल" एवढेच शब्द उरलेत आणि तेही कुठेही येतात. आत्तापर्यंत तशी शांत होती. गेल्या महिन्याभरात मात्र आंघोळ किंवा कपडे बदलणं म्हटलं की आरडाओरडा, हात झटकते, काल सांभाळायला येणाऱ्या मावशींना जोरात मारलं. मावशी काही बोलल्या नाहीत पण मलाच रडू आलं. रात्री दोन-तीनला जागी होऊन कण्हल्यासारखा आवाज काढते. "आई, दुखतंय का?" विचारलं की "नाही".
डॉक्टर म्हणाले हा आजाराचा पुढचा टप्पा आहे आणि शांत राहायची गोळी लिहून दिली. ती दिली की दिवसभर मान टाकून बसते, जेवण अर्धवट, आणि आंघोळीला ओरडणं आहेच. मला राहून राहून वाटतंय हिला कुठेतरी दुखतंय. आयुष्यभर सगळं मुकाट सोसलेली बाई आहे, ती उगाच ओरडणार नाही. तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? कसं कळलं, आणि कळल्यावर काय केलंत?

वाटसरू
आमच्याकडे बाबा. सेम परिस्थिती. वाचतोय.

रुईफूल
निळाई, तुझ्या मनाचं ऐक. आमच्या बाबांना "दुखतंय का" विचारलं की कायम नाहीच यायचं, आम्ही तेच खरं धरून बसलो. मग कधीतरी आत्या आली आणि तिने तिच्या पद्धतीने विचारायला सुरुवात केली, दादा टोचतंय का, आग होतेय का, चुरचुरतंय का, अवघडलंय का, ठणकतंय का, आणि ठणकतंय म्हटल्याबरोबर बाबांनी डोळे मोठे करून "हो हो हो" केलं. तिने डोक्यापासून एकेक ठिकाणी हात ठेवत "इथे?" विचारलं तर कानाशी आल्यावर हात धरून ठेवला तिचा. आत सूज होती, पू झाला होता. तीन आठवडे आम्ही म्हणत होतो बाबा चिडचिडे झालेत, उशीवर डोकं आपटतात.
"दुखणं" हा शब्द त्यांच्याकडून निघून गेला होता पण "ठणकणं" राहिलं होतं. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत, कळ येणं, सलणं, चमक भरणं, शिणक मारणं, ठसठसणं, तर तुझी आई पूर्वी कुठला वापरायची तो आठव. तिच्या माहेरचा शब्द असेल तर अजून बरं.
आणि विचारलं की थांब. मनात दहापर्यंत मोज. आपण दोन सेकंदात दुसरा प्रश्न टाकतो, पहिला त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. "रात्री दुखत होतं का" असं तर विचारूच नको, रात्र त्यांच्या लक्षात नसते. "आत्ता, इथे" एवढंच.

पाचोळा
वरचं वाचून आठवलं. सासऱ्यांना विचारलं होतं "आप्पा, गुडघा दुखतो का?" तर म्हणाले "मला नाही, याला दुखतो" आणि स्वतःच्याच गुडघ्याकडे बोट. सगळे हसलो, तेही हसले. पण उत्तर बरोबर होतं ना! त्या दिवसापासून आम्ही "याला काय होतंय?" असंच विचारायचो आणि नीट सांगायचे.

अबोली_सिस्टर
१४ वर्षं वृद्धांच्या शुश्रूषेत काम करतेय, त्यातली बरीचशी बोलणं गेलेल्या लोकांबरोबर. लांब लिहिते, सांभाळून घ्या.
न बोलणाऱ्या पेशंटसाठी आम्ही पेनॅड नावाचं मोजमाप वापरतो, २००३ साली आलेलं. पाच गोष्टी बघायच्या: श्वास, तोंडाने निघणारा आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि जवळ घेतलं, बोललं तर शांत होतात का. प्रत्येकाला ० ते २, म्हणजे एकूण १०. पाच मिनिटं शेजारी बसून बघायचं. घरी सहज जमतं. ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅबी म्हणून अजून एक आहे, त्यात सहा गोष्टी आणि एकूण १८. कुठलंही घ्या पण एकच धरा आणि वहीत लिहा, कारण आजचा आकडा एकटा फार काही सांगत नाही, कालच्या शेजारी ठेवला की सांगतो.
चेहऱ्यात कपाळ बघा. दोन भुवयांच्या मधे आठी, डोळे घट्ट मिटणं, वरचा ओठ वर ओढला जाणं. नुसती भीती वाटली तरी चेहरा बदलतो, दुखण्यातही बदलतो, त्यामुळे एका आठीवरून निष्कर्ष काढू नका.
सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसलेलं असताना बघून समाधान मानू नका. खुर्चीत बसलेल्या आजी शून्य गुण असतात आणि कुशीवर वळवलं की आठ होतात. निळाई, आंघोळीला ओरडते म्हणालीस, तर आंघोळीतल्या नेमक्या कुठल्या क्षणाला? पाणी अंगावर घेताना? बाही काढताना? पाय उचलताना? उठवताना? ते वेगवेगळं लिहून काढ. पाण्याला घाबरणारं माणूस पाणी दिसल्यावर ओरडतं, खांदा दुखणारं बाही काढताना.

दगडफूल
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. या आजारात मेंदूच कमी होत जातो तर दुखणंही कमीच जाणवत असणार ना? माझ्या मावशीचा हात भाजला होता, फोड आला तरी तिने हूं की चूं केलं नाही. मला वाटतं आपणच आपल्या वेदना त्यांच्यात बघतो.

साधासरळ
दगडफूल, हा समज खूप जणांचा आहे, माझ्या व्यवसायातल्या लोकांचासुद्धा होता आणि अजून पूर्ण गेलेला नाही. मी वृद्धांवर उपचार करणारा डॉक्टर आहे.
अल्झायमर झालेल्यांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलेला अभ्यास २००६ मधे आला. मेंदूतल्या वेदनेच्या जागा त्यांच्यातही पेटत होत्या, निरोगी वृद्धांपेक्षा कमी नाही. जातं काय तर दुखण्याला नाव देणं, ते कुठून येतंय हे जोडणं, आणि आता गोळी घेतली की थांबेल ही आशा. तुम्हाला दात दुखला तर उद्या डॉक्टरकडे जायचंय हे माहीत असतं म्हणून रात्र काढता. यांच्यासाठी ती रात्र संपतच नाही. वेदनेच्या अभ्यासकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिने २०२० मधे वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली, त्यातही स्पष्ट म्हटलंय की सांगता येत नाही याचा अर्थ वेदना नाही असा होत नाही.
मावशींचं म्हणाल तर मधुमेहाने हाताच्या नसा बधिर होऊ शकतात, किंवा दुखलं असेल पण ते तुमच्यापर्यंत आलं नसेल. मी तिथे नव्हतो, सांगू शकत नाही.
आणि या समजाची किंमत काय होते बघा. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा अमेरिकेतला अभ्यास आहे, २००० सालचा. तेच हाड, तेच ऑपरेशन. पण ज्यांना पुढच्या टप्प्याचा डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश) होता त्यांना मॉर्फिनसारखं औषध बाकीच्यांच्या एक तृतीयांश मिळालं. कारण त्यांनी मागितलं नाही.

दगडफूल
मावशीला मधुमेह होता. २० वर्षं. हे कधी डोक्यातच आलं नाही. धन्यवाद डॉक्टर, माझं मत मागे घेतो.

चांदणवेल
इथे शांत करायच्या गोळीबद्दल जरा नाराजी दिसतेय म्हणून लिहिते. माझे यजमान ९ वर्षं या आजारात होते. रात्रीतून चार वेळा दार उघडून बाहेर जायचे, अडवलं तर गळा धरायचे. ती गोळी नसती तर मी राहिले नसते आणि मग त्यांना कुणी बघितलं असतं? जी मुलगी, जी बायको गोळी देतेय तिला अपराधी वाटेल असं कृपया लिहू नका.

साधासरळ
चांदणवेल ताई, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल तेव्हा त्या औषधांना जागा आहेच. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मधे या गटातल्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमधे ती घेताना मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पडणं, गिळायला त्रास, दिवसा गुंगी, हे तर रोज दिसतं. त्यामुळे आधी पोट, लघवी, दात, कान, कातडी, सांधे बघायचे, दुखणं असेल तर त्यावर औषध द्यायचं, आणि मग उरलं तर ही गोळी, कमीत कमी दिवस. दुखणाऱ्या माणसाला नुसती गुंगी दिली तर दुखणं तिथेच राहतं, ओरडणं तेवढं बंद होतं. (निळाई, चालू गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी दिलीय त्यांच्याशी बोलून कमी करा.)

चांदणवेल
शेवटचं वाक्य वाचून मन कुठेतरी गेलं. यांचं शेवटच्या वर्षी ओरडणं बंद झालं होतं.

रुईफूल
ताई, तुम्ही ९ वर्षं सोबत होतात. त्यांना ते कळत होतं.

मोरपीस७
पोटाबद्दल कुणीतरी लिहा म्हणणार होते, डॉक्टरांनी पहिलंच नाव घेतलं. आजीला पातळ जुलाब होत होते म्हणून आम्ही जुलाब थांबायचं औषध देत होतो आणि ती दिवसेंदिवस जास्त बेचैन, पोटाला हात लावू देईना. शेवटी कळलं की आत खडा धरला होता आणि त्याच्या कडेने पातळ पाझरत होतं. म्हणजे बद्धकोष्ठ होतं आणि आम्ही बरोबर उलटं औषध देत होतो! एनिमा दिल्यावर आजी तीन तास झोपली, एक हात माझ्या हातात. महिन्याभरात अशी झोपली नव्हती.

अबोली_सिस्टर
मोरपीस, हे आम्ही दर महिन्याला बघतो. तसंच लघवी तुंबणं. तासा-दोन तासात, एका दिवसात माणूस एकदम बदललं, भलतंच बोलायला लागलं, किंवा उलट एकदम सुस्त झालं तर त्याला "आजार वाढला" म्हणायचं नाही. डिमेन्शिया असा एका दिवसात वाढत नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

कोरा_कागद
आमच्या आईला संधिवात होता पूर्वीपासून, डॉक्टरांनी रोज तीन वेळा पॅरासिटॅमॉल सांगितली, मी नाही दिली. रोज गोळी म्हणजे लिव्हर खराब. लिहून दिलेल्या चिठ्ठीवर "लागल्यास" असं करून घेतलं. चूक केलं का?

साधासरळ
काळजी योग्य आहे, पण "लागल्यास" हा शब्द बघा. लागली हे सांगणार कोण? जो माणूस गोळी मागू शकत नाही त्याच्यासाठी "लागल्यास" म्हणजे "कधीच नाही". म्हणून अशा पेशंटला ठरलेल्या वेळी देतात.
नॉर्वेत १८ नर्सिंग होममधे यावर अभ्यास झाला, २०११ मधे प्रसिद्ध झाला. ३५२ लोक, सगळ्यांना मध्यम ते तीव्र डिमेन्शिया आणि सगळे अस्वस्थ, चिडणारे. एका गटाला ८ आठवडे पायरी-पायरीने वेदनेवरचं औषध दिलं, त्यातल्या बहुतेकांना फक्त पॅरासिटॅमॉल. अस्वस्थपणा सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाला. औषध थांबवल्यावर ४ आठवड्यांत परत वाढला. १७ लहान वाटेल, पण घरात राहणाऱ्याला विचारा.
प्रमाण मात्र डॉक्टरनेच ठरवायचं. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, कृश, कमी वजनाच्या, लिव्हरचा त्रास असलेल्या म्हाताऱ्यांना त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटॅमॉल असते, ती मोजायला विसरू नका. आणि घरात पडलेल्या ब्रूफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका, या वयात पोटात रक्तस्राव आणि किडनी, दोन्हीचा धोका, त्यात बीपीची आणि लघवीची गोळी चालू असेल तर अजून. ट्रॅमाडॉलने गोंधळ वाढू शकतो. नसांच्या दुखण्यावर अमिट्रिप्टिलिन देतात, ते स्मृतीला मारक, या आजारात शक्यतो टाळतो आम्ही.

कोरा_कागद
समजलं. आई गेली दोन वर्षांपूर्वी. विचारायचं होतं फक्त.

पाचोळा
मॉर्फिनबद्दल पण सांगा ना डॉक्टर. आप्पांच्या शेवटच्या आठवड्यात दिलं, नातेवाईक म्हणाले तुम्ही त्यांना लवकर घालवलंत.

साधासरळ
थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत नेलेलं मॉर्फिन शेवटच्या दिवसांत माणसाला घालवत नाही, तो जात असतोच, त्याचं दुखणं आणि धाप कमी होते. बद्धकोष्ठ होतं म्हणून रेचक सोबत देतात. आप्पांच्या कपाळावरची आठी गेली होती का?

पाचोळा
गेली होती.

निळाई (गुरुवार, दुपारी ३:१०)
सगळ्यांचे खूप आभार, एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. तीन दिवस वही केली, अबोली सिस्टर म्हणाल्या तशी.
बसलेली असताना १ किंवा २. पाणी अंगावर घेताना काही नाही, उलट बरं वाटतं तिला. उजवी बाही काढताना काही नाही. डावी बाही काढताना ७, ८. डाव्या कुशीवर वळवताना ७. रात्री कण्हते तेव्हा जाऊन बघितलं तर डाव्या कुशीवरच होती, उजवीकडे केल्यावर दहा मिनिटांनी थांबली. रुईफूल, आई "ठसठसतंय" म्हणायची, ते विचारलं. काही बोलली नाही पण माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. पोट रोज साफ आहे. म्हणजे खांदा ना? डावी मूठ कायम मिटलेली असते पण ते जुनंच आहे, सात-आठ महिने तरी, काहीतरी धरून ठेवायची सवय लागलीय तिला.

अबोली_सिस्टर
निळाई, मूठ शेवटची उघडून कधी बघितलीस?

निळाई
मावशी वरून वरून धुतात. हात लावला की ओढून घेते ना.

अबोली_सिस्टर
आज बघ. बोटं ओढून उघडायची नाहीत, अजिबात नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात हात दहा-पंधरा मिनिटं राहू दे, तू बोलत राहा, गाणं म्हण. मग तिचं मनगट हळूच आतल्या बाजूला वाकव, तळव्याकडे. मनगट वाकलं की बोटं आपोआप थोडी सैल पडतात. करंगळीकडून सुरुवात कर. आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉल दिलीस तर तासभर आधी दे. ती जोरात आक्रसली तर थांब, उद्या परत.

निळाई (शनिवार, रात्री १०:०५)
काल हात नुसता भिजवला, उघडू दिला नाही. आज उघडला.
मधल्या आणि अनामिकेची नखं तळव्यात रुतली होती. दोन चंद्रकोरी, एक खोल. बाकीचा तळवा पांढराफटक, पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखा, आणि वास. नखं इतकी वाढली होती कारण त्या हाताची कापायला ती द्यायचीच नाही आणि आम्ही म्हणायचो जाऊदे, पुढच्या वेळी. आईने एकदाच हुंकार दिला आणि मग हात माझ्या मांडीवर सोडून दिला. तिने हात असा सोडून दिलेला मला आठवतच नाही किती दिवसात.
डॉक्टर घरी येऊन गेले (दुसरे). जखम स्वच्छ केली, नखं त्यांनीच कापली, अँटिबायोटिक दिलं. खांदा पण आखडलाय, डावा हात वापरतच नव्हती म्हणून. पॅरासिटॅमॉल ठरलेल्या वेळी तीनदा, तिचं वजन ४१ किलो म्हणून कमी प्रमाणात, सकाळची आंघोळीच्या आधी तासभर. शांत राहायची गोळी आठवडाभरात निम्मी करून बघू म्हणाले. फिजिओथेरपिस्ट सोमवारी येणार आहेत. मावशी खूप रडल्या, मी म्हटलं तुमची एकटीची चूक नाही, मी रोज तिच्या शेजारी बसते आणि मलाच वाटलं सवय आहे.
सिस्टर, आता मूठ परत मिटू नये म्हणून काय ठेवायचं हातात?

अबोली_सिस्टर
शाब्बास ग पोरी. मऊ सुती कापडाची गुंडाळी, तळव्यात बसेल एवढी, फार जाड नको नाहीतर ती टोचेल. सध्या जखमेवर डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग आणि वर ही गुंडाळी. रोज बदल, हात धुऊन पूर्ण कोरडा कर, बोटांच्या मधे सुद्धा. डाव्या बाहीचं असं कर, कपडा घालताना आधी डावा हात आणि काढताना शेवटी डावा हात, म्हणजे खांदा वर न्यावा लागत नाही. पुढून उघडणारे कपडे मिळाले तर फारच छान. वही चालू ठेव.

मोरपीस७
आत्ताच जाऊन आजीच्या पायाची नखं बघून आले.

रुईफूल
निळाई, "ठसठसतंय" ला ती तुझ्याकडे बघत राहिली होती ना. उत्तर दिलं होतं तिने.

वाटसरू (रविवार, रात्री १:२०)
बाबा आठ दिवस जेवताना तोंड फिरवतात, घास थुंकतात, आम्ही रागावत होतो. आत्ता तुमचं वाचून कवळी काढून बघितली, टॉर्च लावून. खालच्या हिरडीला लाल जखम आहे, कडेने पांढरी. कवळी बाहेरच ठेवलीय. सकाळी डेंटिस्टला फोन करतो. तोपर्यंत त्यांना काय देऊ खायला?

अबोली_सिस्टर
मऊ, कोमट, तिखट-आंबट काही नको. गुळण्या जमतात का त्यांना? नसतील जमत तर ओल्या मऊ कापडाने हिरड्या हलक्या हाताने पुसा. आणि कवळी पाण्यात ठेवा, कोरडी नको.

वाटसरू
गुळण्या जमत नाहीत. कापडाने पुसलं. बोट चावतील वाटलं होतं, नाही चावले, तोंड उघडून बसले.